कुर्लीचा कौल

भिवा माझा चुलता. त्याला काका म्हणणं मी सोडलं ते माझ्या बापाच्या बाराव्याला. भावकी जेवायला बसली होती, आई भात वाढत होती, आणि हा पहिला घास घ्यायच्या आधीच बोलला, की मोरूदादा गेला, त्याला मुलगा नाही, तेव्हा खाडीवरचा त्याचा बांध आता माझ्याकडे आला. आईच्या हातात परात होती. ती तिनं खाली ठेवली नाही. ठेवली असती तर हात मोकळे झाले असते, आणि मोकळ्या हातांनी तिनं भिवाचं काय केलं असतं ते तिनं मला नंतर सविस्तर सांगितलं. मी तिथेच उभी होते. माझ्याबद्दल कुणाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. एम.एस्सी. झालेली मुलगी हे भावकीच्या लेखी मूलच नव्हतं.

बांध हे आमच्याकडचं नाव. खरं म्हणजे ती खाडीकाठची चिखलाची पट्टी. भरती ओसरली की तिच्यात बिळं दिसतात आणि बिळांत कुर्ल्या असतात, शहरात ज्यांना खेकडे म्हणतात त्या. वाडीतल्या प्रत्येक घराची पट्टी ठरलेली. कागद कुणाकडेच नाही, पण दुसऱ्याच्या पट्टीत पाय टाकला तर डोकी फुटायची. आमची पट्टी आई बापाच्या बरोबरीनं तुडवत आली होती, आणि बापाला दम लागायला लागल्यापासून एकटीनं. कुर्ल्यांचे डेंगे, म्हणजे पुढच्या मोठ्या नांग्या, सुंभानं आवळून, पाटी डोक्यावर घेऊन ती रत्नागिरीच्या बाजारात बसे. त्या पाटीवर मी शिकले. बांध गेला तर तिला कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जावं लागणार होतं, बर्फाच्या पाण्यात हात घालून दुसऱ्याची बोलणी खायला.

"मरन पत्करीन," ती म्हणाली, "पन त्या शेडची पायरी चढनार नाय."

हे ती शांतपणे म्हणाली, म्हणून मला भीती वाटली. आई ओरडते तेव्हा काही होत नाही.

प्रकरण देवीकडे गेलं. शहाऐंशी साल उजाडलं तरी आमच्या गावात वकिलाच्या आधी देवीला विचारत. गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर बांध तुळसाचा, म्हणजे माझ्या आईचा; डावा पडला तर भिवाचा. उजवा पडला. मला वाटलं, मिटलं. पण भिवा उठला नि म्हणाला, गुरवाची बायको वैनीच्या माहेरची, त्यानं उजवा कळा मुद्दाम कच्चा चिकटवलान. देवळात उभं राहून असं बोलायला जी जीभ लागते ती आमच्या घराण्यात एकट्या त्यालाच मिळाली. पुन्हा कळे लावले, या वेळी गावच्या पहिल्या मानकऱ्यानं, रावजी गावकरानं, जातीनं उभं राहून. मग एकही पडेना. ऊन उतरलं, पोरं भुकेनं किरकिरायला लागली, कळे आपले मूर्तीला चिकटलेले.

रावजी म्हातारा होता, कानानं कमी ऐके, पण डोक्यानं कमी नव्हता. तो शेवटी म्हणाला, "देवीला ह्या भांडनात पडायचं नाय. मंग जिच्यावरनं भांडन लागलाय तिलाच इचारू. कुर्लीला."

कुणीही हसलं नाही. कारण कुर्ल्यांची लढत गावानं पाहिली होती, आणि ती मी जिथे नोकरीला होते तिथेच.

किनाऱ्यावर पुण्याच्या एका ट्रस्टचं संशोधन केंद्र होतं. मी तिथे सहायक. प्रमुख होते डॉ. खांबेटे, आणि त्यांचा विषय होता कुर्ल्यांची भांडणं. सिमेंटच्या हौदात चिखल घालायचा, मधोमध भाजक्या मातीचा एक नळ पुरायचा, म्हणजे बीळ एकच. हौदाच्या दोन टोकांना दोन कुर्ल्या, मध्ये फळी. फळी उचलायची आणि बीळ कोण घेतं ते बघायचं. कोण किती वेळ डेंगे उगारतं, कोण कधी मागे सरतं, मागे सरायचं हे कशावरून ठरवतं, अशी सगळी नोंद. वर्षातून एकदा साहेब गावाला बोलावून हा खेळ दाखवत आणि कोण जिंकणार ते आधी सांगून टाळ्या घेत. रावजीनं ते पाहिलं होतं. तिथे गुरव नव्हता आणि कुणाचं माहेरही नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं, हे करू नका. म्हटलं, एका बाईचं पोट आहे यात, तमाशा नाही.

"अगं, लोकांपर्यंत विज्ञान न्यायची अशी संधी परत यायची नाही," ते म्हणाले. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला त्यांनी त्याच दिवशी कळवलंही. विज्ञान पोचवायला त्यांना नेमकी माझ्या आईची पट्टी सापडली.

माझं आणि साहेबांचं तेव्हा आधीच बिनसलं होतं. मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होते. त्यांच्या हौदाशेजारी माझा छोटा हौद होता, आणि त्यात मी एक वेगळीच गोष्ट बघत होते. बिळात बसलेल्या कुर्लीच्या तोंडाशी पातळ केलेल्या व्हिनेगरचा थेंब सोडायचा. ती डेंगे तोंडाकडे नेऊन चोळत बसे, जिथे झोंबलं तिथेच, नुसती तडफडत नसे. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. शेजारी दुसरं बीळ रिकामं असेल तर ती झोंबताक्षणी निघून जाई. दुसरं बीळ नसेल, बाहेर उघडा चिखल असेल, तर सोसत तिथेच बसे, अगदी सोसवेना तेव्हाच निघे. म्हणजे सोसायचं की सोडायचं हे ती ठरवत होती. मी प्रबंधाच्या प्रकरणात सरळ लिहिलं, हिला वेदना होते. साहेबांनी त्या शब्दावर लाल शाईनं इतक्या जोरात काट मारली की कागद फाटला.

"वेदनेला मन लागतं," ते म्हणाले. "खेकडा यंत्र आहे. कळ दाबली की दिवा लागतो. दिव्याला दुखतं का?"

"कळ दाबल्यावर दिवा आधी विचार करत नाही, साहेब. मग लागायचं का नाही ठरवत नाही."

"तू कोळणीची मुलगी आहेस, तुला त्यांच्याबद्दल फार वाटतं."

याच्याइतकं उलटं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. आमच्या घरात कुर्लीबद्दल कुणालाही काहीही वाटत नसे. बारके पाय जिवंतपणी पिरगाळून वाटून त्यांचा रस कालवणात घालायचा, हे मी चालायला लागले तेव्हापासून बघत होते. मला वाटत काही नव्हतं, मला दिसत होतं. पण हे त्या माणसाला सांगून उपयोग नव्हता. पुण्यातल्या परिषदांमधून पंधरा वर्षं तो हेच सांगत आला होता, आणि आता ते खोटं ठरलं तर त्याचं काय उरलं असतं?

लढत रविवारी ठरली. दोन्ही बाजूंनी आपापली कुर्ली आणायची. आईनं आमच्याच पट्टीतली आणली, मध्यम अंगाची, गडद हिरवी, एका डेंग्यावर जुन्या मारामारीचा ओरखडा. भिवानं थेट अंजनवेलच्या खाडीतून एक धूड मागवलं होतं, आईच्या कुर्लीच्या दीडपट. आई रावजीला म्हणाली, ही आमच्या खाडीची नाय. रावजी म्हणाला, कौल लावताना कळे कंच्या झाडाचे ते बघतो का आपन. भिवा हसला. हसताना तो नेहमी आजूबाजूला बघतो, आणखी कोण हसतंय ते मोजल्यासारखा.

केंद्राच्या अंगणात सगळी वाडी जमली. बाया कठड्यापाशी, पुरुष पुढे. चाकरमानी नुकतेच मुंबईला परत गेले होते, नाहीतर आणखी गर्दी झाली असती. लोकांना नीट दिसावं म्हणून साहेबांनी हौदातलं पाणी उपसून टाकायला सांगितलं, चिखल नुसता ओला राहील इतकंच ठेवलं. ते स्वच्छ पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी छोटंसं भाषण केलं. निसर्गात बलवान टिकतो, असं काहीतरी. कुर्ली तिची म्हणून माझी आई पहिल्या रांगेत उभी होती आणि तिला ते ऐकून घ्यावं लागलं.

मी फळी तपासत होते तेवढ्यात भिवा आमच्या पाटीजवळ उकिडवा बसला. पाटीवरचा ओला गोणपाट त्यानं वर केला.

"बगू तरी वैनीची रानी," तो म्हणाला.

"भावजी, हात काडा पाटीतला," आई म्हणाली.

"बगतोय नुसता. खात नाय तिला." त्यानं गोणपाट परत टाकला आणि धोतराला हात पुसत उठला.

दोघींचे डेंगे सोडून त्यांना दोन टोकांना ठेवलं आणि फळी उचलली. आईची कुर्ली सरळ नळाकडे धावली आणि मागच्या मागे आत शिरून तोंडाशी बसली, डेंगे बाहेर. बायांमधून एक आवाज आला. अंजनवेलचं धूड सावकाश आलं. दोघींनी डेंगे पसरले, एकमेकींच्या डेंग्यांना टेकवले, जशा नेहमी टेकवतात. मोठीनं ढकललं, धाकटी हलली नाही. बीळ जिच्या पाठीशी ती सहसा हलत नाही, हे साहेबांनीच छापलेलं होतं. मोठी एक पाऊल मागे गेली. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी बाप गेल्यापासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग आमच्या कुर्लीनं डेंगे खाली घेतले. दोन्ही डेंगे तोंडाकडे नेले आणि चोळायला लागली. समोर शत्रू, आणि ही तोंड चोळतेय. मोठी पुन्हा आली, तेव्हा हिनं एक डेंगा उगारला, पण दुसरा तोंडातून निघेना. ढकलाढकली झाली, पुन्हा चोळणं, पुन्हा एक डेंगा वर. ती बराच वेळ तशी टिकून राहिली. इतका वेळ, की मला बघवेना. लढताना तोंडाकडे डेंगे नेणारी कुर्ली मी त्या हौदात कधी पाहिली नव्हती. पण माझ्या छोट्या हौदात रोज बघत होते.

शेवटी तिनं बीळ सोडलं. कोपऱ्यात जाऊन सिमेंटला तोंड घासत राहिली. मोठी नळात शिरली. भिवाच्या बाजूनं आरोळी उठली, आणि भिवा आजूबाजूला बघत हसला.

साहेब म्हणाले, "मोठी जिंकली. अपेक्षेप्रमाणे." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वर्तमानपत्राच्या माणसाकडे वळून त्याला वजनाचा नियम समजावायला लागले.

मी हौदात उतरले. कुर्ली उचलली, उलटी केली. तोंडाच्या फटीत हिरवट लगदा होता. बोटानं काढून हुंगला, जिभेला लावला. बिंबल. कालवणात आंबटाला घालतात ते फळ, तांब्याची भांडी लखलखीत करायला वापरतात ते. जीभ आक्रसली. इथे चिखलात पाणी नव्हतं, धुऊन जायलाही काही नव्हतं.

"हिच्या तोंडाला बिंबल चोळलंय," मी म्हटलं. "ही हरली नाही. हिला झोंबतंय, दुखतंय. ही लढत धरायची नाही."

भिवा हातवारे करत पुढे आला. "बाजारात जाते ती पाटी, बिंबलं पडली असतील तिच्यात. मी काय तिला लावला? कोनी बगितलान?"

कुणी पाहिलं नव्हतं. आईनं पाहिलं होतं, पण आईचं कोण धरणार. ती पुढे सरकली आणि भिवाच्या तोंडासमोर उभी राहिली. "धोतर हुंगा तेचा," ती म्हणाली. कुणी हुंगलं नाही. भावकीत कुणाचं धोतर हुंगायचं नसतं.

रावजी काठी टेकत हौदापाशी आला. त्यानं हाताची ओंजळ कानाला लावून सगळं पुन्हा ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कोनी लावलान ता देवीला ठाव. मला येवडाच सांगा. त्यानं कुर्लीला काय व्हतं का? व्हत असंल तर लढाई फुकट गेली. नसंल व्हत तर भिवा जिकला."

"होतं," मी म्हटलं. "मी वर्षभर तेच बघतेय."

"तू तुळसाची पोर, बाय. तू तिच्याच बाजूनं बोलनार." रावजी साहेबांकडे वळला. "साहेब, तुमी सांगा. कुर्लीला झोंबतं का?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. माझे सगळे आकडे त्यांनी वाचले होते, माझ्या छोट्या हौदावर वाकून स्वतःच्या डोळ्यांनी ते चोळणं पाहिलं होतं. तोंडातून फक्त एक "हो" काढायचा होता, आणि माझ्या आईचा बांध वाचत होता. वर्तमानपत्रवाला लिहून घ्यायला पेन सरसावून उभा होता. साहेबांनी शर्टाची बाही सारखी केली.

"खेकड्याला वेदना नसते," ते म्हणाले. "तोंडाशी काही लागलं की डेंगा आपोआप हलतो, इतकंच. निकालावर त्याचा परिणाम होण्याचं कारण नाही."

त्या माणसाचा मला इतका तिटकारा आला की हातातली कुर्ली त्याच्या पांढऱ्या शर्टावर सोडावी असं वाटलं. भिवानं एकदा तोंडाला बिंबल चोळलं, तो चोर होता, त्याला बांध हवा होता. याला काही नको होतं. याला नुसतं आपलं म्हणणं खरं राहायला हवं होतं, आणि त्यासाठी माझी आई बर्फाच्या पाण्यात गेली तरी चालणार होती.

आईनं खाली मान घातली. पदराचं टोक तिनं कमरेत घट्ट खोवलं, बाजारात भांडायच्या आधी खोवते तसं, पण भांडली नाही. साहेबाशी भांडता येतं हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"बरं," मी म्हटलं. "साहेबांचा शब्द आपण सगळ्यांनी खरा धरू. कुर्लीला काही होत नाही."

आईनं झटकन वर पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. तिला वाटलं, मी नोकरीसाठी साहेबांच्या बाजूला गेले.

"मग रावजीआबा, आता भिवाच्या कुर्लीच्या तोंडाला हेच बिंबल लावा. आमच्या कुर्लीचं तोंड धुवा. आणि पुन्हा सोडा. साहेब म्हणतात काही होत नाही, म्हणजे भिवाचीच जिंकेल. मोठी आहे, बलवान आहे. जिंकली की मी आईला घेऊन घरी जाते, बांधाचं नाव काढणार नाही."

रावजीनं साहेबांकडे पाहिलं. नको म्हणायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. "हरकत नाही," ते म्हणाले. "उलट चांगलंच. लोकांना कळेल."

आमच्या पाटीच्या तळाशी, गोणपाटाच्या घडीत, चिरडलेल्या बिंबलाचा अर्धा तुकडा राहिला होता. मी तो उचलला आणि हौदाकडे वळले. अंजनवेलचं धूड नळात बसलं होतं, डेंगे बाहेर.

भिवा मध्ये आला. हौदात एक पाय टाकून त्यानं नळाच्या तोंडावर हात आडवा धरला.

"माज्या कुर्लीला हात लावायचा नाय," तो म्हणाला.

"का रे?" रावजी म्हणाला. "साहेब सांगतत काय व्हत नाय."

"साहेब काय सांगायचा ता सांगंल. ती माजी कुर्ली हाय."

"भिवा, सरक."

"नाय सरकनार. तोंडाची लाही व्हईल तिच्या. मंग ती काय लढंल? येडे झालात तुमी सगळे—"

तो थांबला. थांबला तोवर बोलून झालं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, या वेळी हसण्यासाठी नाही. आणि कुणीच हसत नव्हतं. भिवाच्या बाजूचे दोघं-तिघं एकेक पाऊल मागे गेले होते. साहेब अंगणाच्या फरशीकडे बघत होते.

रावजीनं काठी हौदाच्या कडेला ठेवली आणि कपाळाला हात लावून देवळाच्या दिशेनं नमस्कार केला. "मगापासनं ह्येच इचारत व्हतो," तो म्हणाला. "भिवा, कौल तुज्याच तोंडातनं पडला. बांध तुळसाचा. आता ह्यावर पुन्ना बोललास तर गाव तुज्याशी बोलनार नाय."

भिवा हौदातून बाहेर पडला. चिखलानं भरलेला एक पाय फरशीवर आपटत माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शिकलीस ती आमच्यावर उलटायला." मी म्हटलं, हो. दुसरं काही खरं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. बसायला सांगितलं नाही. "गावानं कौल दिला म्हणून विज्ञान ठरत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, गावानं नाही, भिवानं ठरवलं, आणि त्याला त्यात फक्त तोटा होता. स्वतःच्या तोट्याची साक्ष माणूस खोटी देत नाही. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझं काम त्यांनी थांबवलं नाही, तेवढा मोकळा राग त्यांच्याकडे नव्हता. नुसती माझ्या कागदांवर सही करायचं लांबवत गेले. एक प्रकरण महिनोन्महिने टेबलावर पडून राही, आणि मी विचारलं की ते चष्मा पुसत.

ते मी सोसलं. बांध आमचा राहिला होता, आईला शेडची पायरी चढावी लागणार नव्हती, तेवढ्यावर मी खूश होते. पण आई खूश नव्हती. बाजारात एक मासळीवाली आईच्या शेजारी बसे. ती गिऱ्हाइकांना हाका मारून सांगायची, की हिच्याकडची घेऊ नका, हिची पोर म्हणते कुर्लीला दुखतं, पाप लागंल. लोक हसत आणि तरीही घेत. आई घरी येऊन पाटी आदळायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही भांड्यांकडे बघून. एकदा मी विचारलंच, की बांध राखून दिला तो काय गुन्हा केला मी. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "तुज्या तोंडानं बांध राह्यला. आन तुज्या तोंडानंच माजा हात थरथरायला लागला. आता बस."

पुढच्या मोठ्या ओहोटीला तिनं मला बरोबर नेलं. न विचारता, नुसतं "चल" म्हणून. पोटऱ्यांएवढ्या चिखलात आम्ही दोघी आमच्या पट्टीवर उतरलो. पलीकडच्या पट्टीवर भिवा होता. त्यानं आमच्याकडे पाठ केली. आईनं एका बिळापाशी वाकून पाणी बघितलं, कुर्ली आत आहे हे ओळखलं, आणि लोखंडी सळई माझ्या हातात दिली, टोकाला वाकवलेली. तिनं आजवर ती कुणाच्या हातात दिली नव्हती.

मी सळई आत घातली. खोलवर कवचाला लागली, मग आकडा कुठेतरी पायांच्या सांध्यात अडकला. आतून ओढ बसली. कुर्लीनं पाय भिंतीला रोवले होते.

"गुणे," आई म्हणाली.

"काय?"

"आता दुखत असंल तिला?"

खोटं बोलता आलं असतं. साहेब गावासमोर बोलले होते, मला तर एकटीच्या कानात बोलायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "दुखतंय."

आईनं बिळाकडे पाहिलं. तिचा चेहरा रागानं ताठ झाला होता, माझ्यावरच्या की कुर्लीवरच्या की पोटावरच्या, मला सांगता येणार नाही. मग तिनं माझ्या हातावर आपला हात ठेवला, चिखलानं माखलेला.

"मंग जीव खाऊन ओड," ती म्हणाली. "रेंगाळू नको. लवकर होऊंदे तिचा."

मी ओढलं.